मालक स्वतः, एजंट क्षमस्व

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारच्या पेपरात छोट्या जाहिरातींचं पान असतं. त्यात एखादी ओळ अशी दिसते : ‘वन बीएचके, दुसरा मजला, मालक स्वतः, एजंट क्षमस्व.’ या शेवटच्या चार शब्दांविषयी मला आज बोलायचं आहे. भाड्यानं द्यायला, म्हणजे गुंतवणूक म्हणून एखादं घर घ्यायचं आणि तेही थेट मालकाशी बोलून, तर ती बोलणी कशी करावीत? पुण्यात मी असा प्रयत्न दोनदा केला. पहिलं घर हातचं गेलं, दुसरं मिळालं. जे सांगते आहे ते या दोन्हींतून शिकलेलं आहे.

जुन्या घराच्या व्यवहारात दलाली साधारण एक ते दोन टक्के जाते. साठ लाखांच्या घरामागे हे साठ हजार ते एक लाख वीस हजार रुपये झाले. मालक धरून चालतो की हे पैसे माझे वाचले, आणि घेणाराही तेच धरून चालतो. पण दलाल आणखी एक काम करत असतो, ते तो नसतानाच कळतं. तो दोन्हीकडचे कडू शब्द स्वतः गिळतो आणि पुढं मऊ करून पोचवतो. तो नसला की तुम्ही एका माणसाच्या घरात, त्याच्याच खुर्चीत बसून, त्याच्या घराची किंमत कमी आहे असं त्याला तोंडावर सांगत असता.

पहिल्या घरी माझं इथंच चुकलं. फरशी उखडली आहे, स्वयंपाकघर अंधारं आहे, भिंतीला ओल आहे, असं मी एकेक दाखवत गेले. भाव उतरवायचा तर खोड काढायची, असंच लहानपणापासून मंडईत पाहिलेलं. पण समोरची बाई त्याच स्वयंपाकघरात तीस वर्षं रांधत होती. तिचा चेहरा बदलला आणि भाव एक रुपयानंही हलला नाही. पुढे कसाबसा आकडा ठरला. मी एक्कावन्न हजार रुपये टोकन पाठवलं आणि लेखी पुरावा म्हणून माझ्याजवळ फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक निरोप होता. पंधरा दिवसांत त्यांना जास्त देणारा माणूस भेटला. माझे पैसे परत मिळायला दोन महिने लागले.

दुसऱ्या वेळी मी घर पाहायला जायच्या आधी घरीच हिशोब मांडला. कर्वेनगरमधलं वन बीएचके, १९९४ची इमारत, मालकांची अपेक्षा ६२ लाख. त्या गल्लीत अशा घराला महिना १७ हजार भाडं येतं, म्हणजे वर्षाचे २,०४,०००. आता यातून वजा करत चला. सोसायटीचा देखभाल खर्च २४ हजार. मालमत्ता कर ९ हजार. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा : पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला करात ४० टक्के सवलत देते, भाड्यानं दिलेल्या घराला ती मिळत नाही. म्हणून मालकांनी भरलेली पावती पाहून आपला कर धरू नये. भाडेकरू बदलताना घर एक महिना रिकामं राहणार, त्याचे १७ हजार. किरकोळ दुरुस्ती ६ हजार. हाती राहिले १,४८,०००.

आणि घराची किंमत ६२ लाखांवर थांबत नाही. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ३४ हजार, वर नोंदणी फी ३० हजार. एकूण ६६ लाख ६४ हजार. त्यावर वर्षाला मिळणार सव्वादोन टक्क्यांहूनही किंचित कमी. बँकेची साधी मुदतठेव याच्या दुपटीहून जास्त देते. मग घर का घ्यायचं? भाडं दरवर्षी थोडं वाढतं आणि मला ते घर पंधरा वर्षं ठेवायचं होतं, म्हणून. पण या आकड्यामुळे मला माझी सीमा कळली. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर जुन्या दस्तांचे इंडेक्स टू, म्हणजे कुठलं घर कितीला विकलं गेलं याचे नोंदणीतले उतारे, पाहता येतात. त्याच इमारतीतली दोन घरं अलीकडे ५७ आणि साडेएकोणसाठ लाखांना गेली होती. मी वहीत लिहिलं, ५९च्या वर जायचं नाही, आणि ती वही सोबत घेऊन गेले.

दार उघडलं ते सत्तरीच्या काकांनी. काकूंनी चहा केला. मी भावाचा विषयच काढला नाही. विचारलं, “काका, इतकी वर्षं राहिलात, आता का विकताय?” मुलगी नागपूरला असते, तिच्याजवळ जायचं होतं. पण काकूंच्या गुडघ्याचे उपचार पुण्यात चालू होते, त्यामुळे मे महिना संपेपर्यंत हलता येणार नव्हतं. आदल्या दोन ग्राहकांना ताबा महिन्याभरात हवा होता, म्हणून तिथं बोलणी फिसकटली होती. त्यांना पैशांची घाई नव्हती, वेळ हवा होता. मला तिथं राहायला जायचं नव्हतं, त्यामुळे वेळ माझ्याकडे भरपूर होता. जी गोष्ट मला फुकट देता येत होती, तीच त्यांना सगळ्यांत महाग पडत होती. दलाल मधे असता तर कदाचित हे माझ्यापर्यंत पोचलंच नसतं.

मग मी वही उघडून टेबलावर ठेवली. काका सरकारी नोकरीत, लेखा विभागात होते. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ तपासली आणि म्हणाले, “देखभाल खर्च कमी धरलाय. लिफ्ट नवीन बसवली, एप्रिलपासून महिना पाचशे वाढणार आहेत.” विकणारा माणूस आपल्याच विरुद्ध जाणारा आकडा मला सांगत होता. मी ५५ म्हटलं, ते ६१वर आले. दोन बैठका झाल्या. शेवटी साडेअठ्ठावन्न लाखांवर ठरलं. साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, ३१ मार्चच्या आत नोंदवायचं, कारण रेडीरेकनरचे, म्हणजे सरकारनं त्या त्या भागासाठी ठरवलेल्या किमतींचे, नवे दर १ एप्रिलपासून लागू होतात आणि शुल्क ठरलेली किंमत किंवा रेडीरेकनर यांतल्या मोठ्या आकड्यावर बसतं. ताबा आणि खरेदीखत, म्हणजे मालकी बदलणारा शेवटचा दस्त, मेअखेर. घर मी एकटीच्या नावावर घेतलं. स्त्रीच्या नावानं निवासी घर घेतल्यास आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. माझे साडेअठ्ठावन्न हजार वाचले, आणि त्यासाठी कुणाशी घासाघीस करावी लागली नाही.

काही गोष्टी पहिल्या भेटीतच बोलायला हव्यात. घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असली, तर घेणाऱ्याला प्रत्येक हप्त्यातून एक टक्का कर कापून सरकारजमा करावा लागतो. हे ऐन चेक देताना सांगितलं तर ज्येष्ठ माणसाला वाटतं, ठरलेल्यातले पैसे ही कापते आहे. काकांनीही विचारलं, “म्हणजे मला कमी मिळणार?” मी सांगितलं की ते तुमच्या पॅनवर जमा होतात, विवरणपत्र भरताना तुमच्या करात धरले जातात, आणि कर तेवढा होत नसेल तर परत मिळतात. ते लगेच समजले.

दुसरं, सह्या कुणाकुणाच्या? घर दिवंगत आईच्या नावावर, बोलणी धाकटा मुलगा करतोय, आणि बहिणीला पत्ताच नाही, असं फार होतं. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे माणूस मालक होत नाही. सगळे वारस सही करायला तयार नसतील तर ठरलेल्या भावाला काहीच अर्थ नाही.

आणि रोख रकमेचं. मधल्या काळात एकांनी मला सांगितलं, दहा लाख रोख द्या, बाकीचे कागदावर. मी उठले. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं कायद्यानं मना आहे, ती रोख घेणाऱ्या विक्रेत्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय कागदावरची किंमत रेडीरेकनरपेक्षा फार खाली गेली तर तो फरक घर घेणाऱ्याचं उत्पन्न धरला जातो. आणि पंधरा वर्षांनी मी घर विकीन तेव्हा ते दहा लाख मी दिले होते, हे कोण मान्य करणार? नफ्यावरचा कर त्या दहा लाखांवरही मलाच भरावा लागेल. भाव कितीही गोड असला तरी ही अट मान्य करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सोसायटीचं थोडक्यात सांगते. हस्तांतरण शुल्क महापालिका हद्दीत २५ हजारांहून जास्त घेता येत नाही. ते कोण भरणार, की निम्मंनिम्मं, हे आधी ठरवा. घर भाड्यानं दिलंत की मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. आणि उघड्यावरच्या पार्किंगचे दोन लाख वेगळे कुणी मागितले तर ती जागा सोसायटीची असते, मालकाला विकता येत नाही.

या वेळी विसार, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, एक लाख दिला, चेकनं, आणि विसार पावतीवर दोघांच्या सह्या घेतल्या. किंमत, हप्त्यांच्या तारखा, बँकेनं कर्ज नाकारलं तर विसार किती दिवसांत परत, कागदांत दोष निघाला तर काय, सगळं लिहिलं. काका-काकू मेपर्यंत त्याच घरात राहणार होते, म्हणून दोन लाख रुपये शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवले. हे बोलायला मला जड गेलं. इतक्या चांगल्या माणसांवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटत होतं. पण काकाच म्हणाले, “असं लिहा. आम्ही दोघंही या वयाचे, मधे काही झालं तर तुम्ही कुणाला विचारणार?”

३१ मेला वीज मीटरचं वाचन दोघांनी मिळून टिपून घेतलं. मी राखून ठेवलेला चेक दिला. काकांनी किल्ल्यांबरोबर एक फाईल दिली. १९९४पासूनच्या सगळ्या पावत्या तारीखवार लावलेल्या होत्या, आणि वर वहीचा एक कागद होता. पाण्याचा कुठला व्हॉल्व्ह कुठल्या नळाचा आणि पावसाळ्यात गॅलरीची कुठली खिडकी आधी लावायची, हे त्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं. तो कागद मी भाडेकरूला दिला आहे, झेरॉक्स माझ्याकडे ठेवली आहे.

नमस्कार.