किवीचं गोत्र

मंडळी, तुमच्यापैकी किती जणांनी एमू जवळून पाहिलाय? बरेच हात वर आले, आणि काही जण हसतायत, म्हणजे विषय कुठे चाललाय ते कळलंय. २०१०च्या आसपास आपल्याकडे एमूपालनाची लाट आली होती. तेलाला भाव, मांसाला भाव म्हणून शेतकऱ्यांनी जोड्या आणल्या आणि पुढे गिऱ्हाईकच मिळेना. त्या जखमेवर मी आज मीठ चोळत नाही. पण त्या गडबडीत एमूकडे पक्षी म्हणून बघायचं राहून गेलं.

कोंबडी साफ करताना छातीच्या मधोमध एक उभं, धारेसारखं हाड हाताला लागतं. त्याच्या दोन्ही बाजूंना पंख मारणारे स्नायू धरलेले असतात. ब्रेस्ट पीस म्हणून आपण आवडीनं खातो ते हेच. एमूच्या छातीत ही धारच नाही. हाड परातीसारखं सपाट. शहामृगाचं तसंच, दक्षिण अमेरिकेतल्या रियाचं, कॅसोवरीचं, न्यूझीलंडच्या किवीचंही. नामशेष झालेल्यांत न्यूझीलंडचे मोआ आणि मादागास्करचे हत्तीपक्षी याच पंगतीतले.

आता प्रश्न असा, की उडता न येणारे हे पक्षी समुद्र ओलांडून इतक्या दूरदूरच्या भूमींवर पोचले कसे? याचं एक फार देखणं उत्तर होतं. मी स्वतः ते वर्षानुवर्षं फळ्यावर चित्र काढून शिकवलंय. दक्षिणेकडची सगळी भूमी एके काळी एकसंध होती, गोंडवन. तिथे एक न उडणारा पूर्वज होता. भूमी फुटली, तुकडे सरकले, आणि प्रत्येक तुकड्यावरचा पक्षी आपापल्या वाटेनं गेला. भाऊ वेगळे निघाले, वाटणी झाली, इतकी सोपी गोष्ट. आपला भारतसुद्धा त्या वाटणीत होता. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत तो मादागास्करला चिकटून होता.

गोष्ट देखणी होती, पण डीएनएनं ती मोडली.

पहिला धक्का तिनामूचा. हा दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला पक्षी, बघायला आपल्या तित्तिरासारखा. छातीवर धार आहे, आणि अंगावर आलं की भुर्रकन उडतोही. सगळे त्याला या घराण्याचा दूरचा चुलता मानत. निघाला घराच्या आतलाच, आणि अवाढव्य मोआचा सगळ्यात जवळचा नातेवाईक. दुसरा धक्का किवीचा. किवी आणि मोआ एकाच देशातले, तेव्हा सख्खे असणार असं वाटायचं. १९९२मध्ये शास्त्रज्ञ अ‍ॅलन कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तसं नाही, किवी ऑस्ट्रेलियातल्या एमू-कॅसोवरीला जास्त जवळचा. शेजारच्या देशाशी सोयरीक निघाल्यावर न्यूझीलंडवाल्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना करा! पुढे २०१४मध्ये कूपर यांच्याच गटानं हत्तीपक्ष्याच्या हाडांतला जुना डीएनए वाचला, आणि किवीचा सर्वांत जवळचा नातेवाईक सापडला तो थेट मादागास्करमध्ये.

हत्तीपक्षी म्हणजे तीन मीटर उंचीचा डोंगर. त्याच्या एका अंड्यात कोंबडीची दीडशे अंडी मावतील. आणि किवी आपल्या गावठी कोंबडीएवढा. या दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी. तोवर मादागास्कर आणि न्यूझीलंड कधीच दूर गेले होते. खरं तर ते एकमेकांचे शेजारी कधी नव्हतेच. मग जमिनीनं पक्षी वाहून नेले असं कसं म्हणणार? पक्षी उडत गेले. आणि उतरल्यावर प्रत्येकानं आपापल्या ठिकाणी, वेगवेगळं, उडणं सोडलं.

उडणं ही महागडी चैन आहे. छातीचे ते स्नायू पोसायला रोज खाणं लागतं. शत्रू नसेल, चारा पायाशी असेल, तर पंख हा नुसता खर्च. ६.६ कोटी वर्षांपूर्वी मोठे डायनोसॉर संपले, सस्तन प्राणी अजून लहानखुरे होते, जमिनीवर मोठ्या चरणाऱ्यांची जागा रिकामी होती. जो आधी पोचला तो तिथे थोराड झाला. न्यूझीलंडमध्ये मोआ आधी पोचले असावेत. किवीचा पूर्वज नंतर आला, तेव्हा दिवसाचा चारा दुसऱ्याच्या ताब्यात. मग त्यानं रात्रपाळी धरली आणि मातीतल्या गांडुळांवर संसार मांडला. मला हे स्पष्टीकरण पटतं.

आणि संसार तरी कसा! चोचीच्या अगदी टोकाला नाकपुड्या. बाकी पक्ष्यांच्या त्या मुळाशी असतात. चोच जमिनीत खुपसून हा वास काढतो. पिसं केसांसारखी, शेपटी नाही, पंख बोटाएवढा आणि पिसांत लपलेला, त्याच्या टोकाला एक नखी. शरीराचं तापमानसुद्धा बहुतेक पक्ष्यांपेक्षा कमी, सस्तन प्राण्यांच्या जवळचं.

अंडं मात्र भलतंच. कोंबडीचं अंडं तिच्या वजनाच्या तीनेक टक्के. किवीचं मादीच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत. एक्स-रे पाहिलात तर पोटात दुसरं काही मावत असेल यावर विश्वास बसत नाही. त्यात बलक जवळजवळ दोन तृतीयांश. पिल्लू बाहेर येतं ते शिदोरी पोटात बांधूनच. आई-बाप त्याला एक घास भरवत नाहीत. पूर्वी म्हणत, किवीचा पूर्वज मोआएवढा होता, देह आटला पण अंडं जुन्या मापाचंच राहिलं. पण न्यूझीलंडमध्येच १.६ ते १.९ कोटी वर्षांपूर्वीचा किवीचा एक नातेवाईक सापडलाय, तो आजच्या किवीहूनही लहान आणि बहुधा उडणारा. म्हणजे देह आटलेला नाही. वाढलंय ते अंडं.

मोआबद्दल थोडक्यात. १८३९मध्ये लंडनला प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्या हाती वीतभर हाडाचा तुकडा आला, आणि तेवढ्यावरून त्यांनी सांगितलं, हा शहामृगासारख्या प्रचंड पक्ष्याचा. पुढे हाडांचे ढीग निघाले आणि त्यांचं खरं ठरलं. मोठ्या मोआच्या माद्या दोनशे किलोंच्या वर, नर त्यांच्यापुढे पोरं. इतका फरक की बराच काळ त्यांना वेगळ्या जाती समजत. २००३मध्ये डीएनएनं सांगितलं, हे नवरा-बायको आहेत! या मोआंची शिकार पंधरा किलोंपर्यंतचा एक गरुड करायचा. मग तेराव्या शतकाच्या अखेरीस माओरी, म्हणजे न्यूझीलंडची पहिली माणसं, आली. दीडेकशे वर्षांत मोआ संपले, मागोमाग गरुडही.

जाता जाता आपल्या घरची गोष्ट. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे आहे. तिथल्या उत्खननात अश्मयुगीन माणसानं कोरलेले शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे सापडले, कवचाचे मणीही. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. भारतात सापडलेल्या अशाच कवचांतला डीएनए हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७मध्ये वाचला, तो आफ्रिकेच्या शहामृगाशी जुळला. म्हणजे खानदेशाच्या माळावर शहामृग धावत होते, आणि अंडं फुटलं की कोणीतरी त्याच्या कवचाला बारीक भोक पाडून, घासून, गोल करून मणी ओवत होतं.