पेटीवर कोण होतं?

मित्रहो, ज्या पेटीबद्दल, म्हणजे हार्मोनियमबद्दल, मी आज बोलतोय तिला १९४० साली ऑल इंडिया रेडिओने स्टुडिओबाहेर काढलं. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. आक्षेप असा, की पेटीचे सूर ठरीव, तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही, आपल्या श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, तिच्यात बसत नाहीत. आक्षेप खोटा नव्हता. पट्टी दाबली की सूर येतो, सोडली की जातो. षड्जावरून गंधारापर्यंत, म्हणजे सा वरून ग पर्यंत, घसरत जायची सोयच त्या वाद्यात नाही. तरी मैफलीत पेटी वाजत राहिली आणि संगीत नाटकात तिचंच पायाने भाता चालवायचं भावंड, ऑर्गन.

मला पेटीचं वेड लावलं ते पंडित गोविंदराव पटवर्धनांनी. जन्म १९२५चा, १९९६ साली गेले. नोकरी सांभाळून आयुष्यभर साथ केली. छोटा गंधर्व, राम मराठे, वसंतराव देशपांडे, कुमार गंधर्व. चार गळे, चार वेगळ्या वाटा, आणि चौघांच्याही साथीला हा माणूस! मी त्यांना आधी फक्त ऐकलं होतं. गाणाऱ्याचा फोटो मासिकात दिसायचा, पेटीवाल्याचा कुठून दिसणार?

त्यांची भेट झाली ती गिरगावात, साहित्य संघाच्या नाट्यगृहात. मी गेलो होतो नटाचं गाणं ऐकायला. जाहिरातीत साथीदारांची नावं नव्हती. नांदीआधी ऑर्गनचे सूर भरले आणि मी खुर्चीत ताठ झालो. हा हात माझ्या ओळखीचा होता. शेजारच्या काकांना विचारलं, पेटीवर कोण? त्यांनी नाव सांगितलं, तेही असं, की एवढं कसं माहीत नाही! पुढचा सगळा अंक मी रंगमंचाखाली, ऑर्गनकडेच बघत बसलो.

काय पाहिलं ते नीट सांगतो, कारण इथे बसलेल्या विद्यार्थ्यांच्या ते कामाचं आहे. बोटांकडे त्यांचं लक्षच नव्हतं, नजर गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर. नट तान घेतोय तर हे किंचित मागून, आणि समेला, तालाच्या पहिल्या मात्रेला, मात्र दोघं एकत्र. नटाने श्वास घेतला की तेवढ्या फटीत दोन-चार सूर, की पुन्हा माघार. आणि जिथे गळ्यातून लांब मींड यायची तिथे हात जवळजवळ थांबलेला, फक्त खालचा षड्ज भरून ठेवलेला. रेडिओवाल्यांच्या आक्षेपाला याहून चांगलं उत्तर मी ऐकलेलं नाही. वाद्याला जे जमत नाही, तिथे त्याने गळ्याला वाट द्यायची. एका पदात नट तार षड्जाला जाता जाता जरा डगमगला, तर तो षड्ज ऑर्गनवर आधीच उभा होता. नट सावरला. टाळ्या त्याला पडल्या, आणि त्या पडायलाच हव्या होत्या, पण मी वाजवल्या त्या खाली बघून.

मध्यंतरात पुढे जाऊन वाकून नमस्कार केला. पेटी शिकतोय, एवढंच सांगितलं. ते हसले. लगेच घंटा झाली.

बालगंधर्वांच्या नाटकात तबल्याला तिरखवाँसाहेब, सारंगीला कादरबक्ष, ऑर्गनला हरिभाऊ देशपांडे. ही नावं आज आपण घेऊ शकतो, कारण तेव्हाच्या रसिकांनी ती घरोघर सांगितली. आज मुंबईत मैफलींच्या जाहिराती फोनवर येतात, आणि पुष्कळदा त्यात गायकाचा फोटो तेवढा असतो. आयोजक इथे बसले आहेत म्हणून हात जोडून सांगतो, साथीदारांची नावं छापा आणि तीही वाचता येतील एवढ्या अक्षरांत. समोर बसलेलं एखादं पोर त्या नावासाठीच आलेलं असू शकतं.

आता बोलणं पुरे. पहिल्या रांगेतलं कुणीतरी वर या आणि यमन रागाची बंदिश घ्या. तुमची पट्टी, म्हणजे तुमचा सा कुठला, ते सांगा, काळी चार, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा सा, चालेल का? एकदा मी तुमच्यामागे प्रत्येक सूर वाजवतो, मग तीच बंदिश जागा सोडत वाजवतो. ऐका आणि कुठल्या वेळी गायला मोकळं वाटलं, ते तुम्हीच सांगा.