मंद आचेवरचं रताळं

(दृश्य: पहाटेचं कॉटन मार्केट, नागपूर. मातीसकट रताळी पोत्यांतून जमिनीवर ओतली जात आहेत.)

महाशिवरात्र दोन दिवसांवर आली की कॉटन मार्केटात रताळ्यांचे ढीग वाढतात. कुठे लाल-गुलाबी सालीचे, कुठे पांढुरक्या सालीचे. साल कोणतीही असो, गर बहुधा पांढरा किंवा फिकट पिवळा निघतो आणि शिजल्यावर पिठूळ होतो.

ढिगातून निवडताना फार मोठं रताळं नको. दोनशे ते अडीचशे ग्रॅमचं, दोन्ही टोकांकडे सारखं निमुळतं होणारं घ्या. फार जाड असेल तर मधला भाग शिजेपर्यंत टोकं वाळतात. सालीवर टाचणीने टोचल्यासारखी बारीक काळी भोकं दिसली तर ते रताळं खाली ठेवा. तो सोंड्या भुंग्याचा मुक्काम. किडका भाग कापून टाकला तरी उरलेल्या गरात कडूपणा उतरलेला असतो, आणि तो शिजवूनही जात नाही.

घरी आणलेली रताळी धुऊन ठेवू नका, लागतील तेव्हाच धुवा. टोपलीत, हवेशीर अंधाऱ्या कोपऱ्यात दोन-तीन आठवडे राहिली तर ती उलट गोड होतात, कारण आतल्या पिठाची साखर होत राहते. फ्रीज मात्र त्यांना सोसत नाही. बारा अंशांच्या खालच्या थंडीत गराचा मधला भाग निबर होतो आणि शिजवल्यावरही दाताखाली खडा लागतो. एप्रिलच्या उन्हाळ्यात कोंब फुटतात, रताळं सुरकुततं. बटाट्यासारखं कोंबाचं विष इथे नसतं, तेव्हा कोंब मोडून वापरायला हरकत नाही. चव तेवढी उतरलेली असते.

(दृश्य: ओव्हनच्या काचेआड रताळी. सालीतून पाकाचे थेंब ट्रेवर गळतात.)

रताळ्याची खरी गोडी कच्च्या कंदात फार थोडी असते. ती तापताना तयार होते. गरातलं बीटा-अमायलेज नावाचं विकर पिठाचं रूपांतर माल्टोज या साखरेत करतं. साधारण साठ ते पंच्याहत्तर अंशांच्या टप्प्यात त्याचं काम जोरात चालतं, त्याच्या वर तापमान गेलं की ते निकामी होतं. म्हणजे रताळं या टप्प्यात जितका वेळ रेंगाळेल तितकं गोड. फुफाट्यात पुरलेलं रताळं इतकं गोड का लागतं, ते इथे कळतं. कुकर हा टप्पा झपाट्याने ओलांडतो, मायक्रोवेव्ह त्याहूनही लवकर. आणि मग वरून साखर घालायची, असा तो उलटा हिशेब.

ओटीजी असेल तर आधी तापवू नका. धुऊन पुसलेली, सालासकट रताळी काट्याने चार-पाच ठिकाणी टोचा आणि थंड ओव्हनमध्येच ठेवा. दीडशे अंशांवर चाळीस मिनिटं, मग दोनशे अंशांवर आणखी तीस. ट्रेवर बटर पेपर हवाच. गळलेला पाक जळून चिकटला की ट्रे घासता घासता सण संपतो. सुरी लोण्यातून गेल्यासारखी गेली आणि साल गरापासून सुटली की झालं. ओव्हन नसेल तर मोदकपात्रात, बारीक आचेवर पस्तीस मिनिटं वाफवा. पाण्यात बुडवून उकडलेलं रताळं पाणी पितं, आणि पुढचे सगळे पदार्थ सैल होतात.

(दृश्य: कढईत जिरं तडतडतं.)

उपवासाचा कीस कच्च्या रताळ्याचाच. अर्धा किलो रताळी सोलून किसणीच्या मोठ्या भोकांवर किसा. बारीक किसलं की गिचका होतो. कीस लगेच पाण्यात सोडा, नाहीतर हवेने काळा पडतो, आणि फोडणीच्या आधी घट्ट पिळून घ्या. दोन चमचे तूप, एक चमचा जिरं, तीन-चार हिरव्या मिरच्या, मग कीस आणि मीठ. झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटं, नंतर झाकण काढून तीन. अर्धी वाटी दाण्याचं कूट शेवटी. आधी घातलं तर ते तळाशी करपतं. लोखंडी कढई इथे टाळा. रताळ्यातल्या क्लोरोजेनिक आम्लाची लोखंडाशी गाठ पडली की कीस राखाडी होतो. खायला वाईट नाही, पण पाहुण्यापुढे ठेववत नाही.

(दृश्य: दुसरा दिवस. परातीत गूळ आणि रताळ्याचा गर.)

पारण्याला घाऱ्या. त्यात कणीक, म्हणून उपवासाला नाहीत. भाजलेल्या रताळ्याचा अडीचशे ग्रॅम गर चाळणीवर घासून घ्या, म्हणजे रेषा वर राहतात. त्यात सव्वाशे ग्रॅम चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ घाला. गूळ विरघळला की दोन चमचे तांदळाची पिठी, दोन चमचे तेलाचं कडकडीत मोहन आणि मावेल तितकी कणीक, साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅम. पाणी अजिबात नको. गोळा पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट वाटला पाहिजे, कारण गूळ पाणी सोडतो आणि अर्ध्या तासात तोच गोळा हाताला चिकटू लागतो. वीस मिनिटांच्या आत थापायला घ्या. तेल मध्यम तापलेलं हवं. कडक तेलात गूळ बाहेरून काळा होतो आणि आत पीठ कच्चं राहतं.

(दृश्य: संत्र्याची साल किसली जाते.)

आता केक. परदेशी कृती बहुतेक नारिंगी, ओलसर गराच्या रताळ्यासाठी लिहिलेल्या असतात. तीच मापं आपल्या पिठूळ गराला लावली की केक भुरभुरतो. द्रव वाढवायला लागतो. भाजलेला गर तीनशे ग्रॅम, चूर्ण केलेला गूळ दीडशे, दही शंभर, तेल शंभर मिली, दूध शंभर ते सव्वाशे मिली. दूध थंडच घ्या, गरम दूध गुळाने फाटतं. त्यात दोन नागपुरी संत्र्यांची किसलेली साल. हा संत्रा सैल सालीचा, म्हणून आधी किसा, मग सोला. सुटलेली साल किसणीवर टिकत नाही. आतला पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडवट लागतो.

कोरड्यात मैदा दोनशे ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चमचा, सोडा पाव चमचा, मीठ चिमूट. चमचे मापाचे, सपाट भरलेले. केक जास्त फुगावा म्हणून सोडा वाढवू नका. रताळ्यातलं तेच क्लोरोजेनिक आम्ल सोड्याच्या अल्कलीत हिरवट रंग धरतं, आणि कापल्यावर केकमध्ये बुरशी असावी तसे डाग दिसतात. दही आहे ते सोड्याला आवरायलाच. ओलं आणि कोरडं एकत्र करून पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळा, पुढे ढवळलं की केक चिवट होतो.

सात इंची भांडं, आधी तापवलेला ओव्हन, एकशे सत्तर अंश, पन्नास ते पंचावन्न मिनिटं. विणकामाची सुई मधोमध खुपसून पाहा. गरामुळे ती थोडी ओलसर निघेल, पण कच्चं पीठ चिकटलेलं नको. गरम कापला तर शिजलेला केकही कच्चा वाटतो, तेव्हा किमान तासभर जाळीवर ठेवा. फेब्रुवारीच्या हवेत तो डब्यात दोन दिवस बाहेर राहतो. मार्च तापू लागला की दुसऱ्याच दिवशी फ्रीजमध्ये, आणि खाताना तव्यावर थोड्या तुपात दोन्ही बाजूंनी परतून.