वाट आधी कुणाची?

नमस्कार, श्रोतेहो.

पावसाळ्याच्या दिवसांत शनिवारी रात्री शेवटच्या कसारा लोकलमध्ये चढून पाहा. रॅकवर ऑफिसच्या बॅगा कमी आणि सॅक जास्त दिसतील. रविवारी पहाटे ठाण्यात उपवनाकडून यऊरचा चढ धरला, तर जाड टायरच्या सायकलींचे घोळके भेटतील. थोडं उजाडलं की मोटारसायकली येतात आणि त्यांच्या मागोमाग चिखलाची हौस असलेल्या फोर बाय फोर गाड्या. या सगळ्यांना डांबरी रस्ता सोडून आत शिरायचं असतं. आत बहुतेक ठिकाणी वाट एकच असते, हात-दोन हात रुंदीची.

ती यांच्यापैकी कुणीच पाडलेली नसते. ठाकर, कातकरी, वारली, धनगर यांच्या पायांनी आणि गुरांच्या खुरांनी ती मळलेली असते. म्हणजे आपण सगळे तिथे पाहुणे, आणि भांडण चाललंय ते पाहुण्यांचं आपसात. ट्रेकर म्हणतो, सायकलवाले उतारावर अंगावर येतात. सायकलवाला म्हणतो, ही मंडळी कानात हेडफोन घालून चौघं चौघं वाट अडवून चालतात. माथेरानचा घोडेवाला या दोघांवर वैतागलेला. आणि मोटारसायकलचा आवाज आला की हे तिघेही एक होतात. माझ्या मते या तक्रारी सगळ्या खऱ्या आहेत. म्हणूनच ‘चूक कुणाची’ असं विचारून काही निघत नाही. विचारायचं ते हे, की समोरासमोर आल्यावर थांबायचं कुणी?

यावर मी एकच कसोटी लावतो. ज्याला थांबणं आणि बाजूला होणं सगळ्यात जड जातं, त्याची वाट आधी. ज्याला ते सोपं, त्यानं थांबावं.

यऊरच्या किंवा आरेच्या वाटेवर डोक्यावर मोळी घेऊन येणारी एखादी बाई आठवा. लाकडं तिच्या उंचीइतकी लांब. मोळीचं एक टोक चेहऱ्याच्या हातभर पुढे, दुसरं पाठीमागे. एक हात मोळीला, दुसऱ्यात कोयता. तिला मान वळवता येत नाही, त्यामुळे समोरची दहा पावलं सोडली तर काही दिसत नाही. ती आडवी वळली तर टोकं झाडोऱ्यात अडकतात, म्हणून ती वळतच नाही. थांबली तर सगळा भार मानेवर येतो, आणि मोळी खाली ठेवली तर पुन्हा चढवून द्यायला दुसरं माणूस लागतं. तिच्यासमोर तुम्ही-आम्ही येतो, पाठीवर पाण्याची बाटली आणि चार ठेपले घेऊन. अशा वेळी कुणी बाजूला व्हायचं हे कुणी सांगायची खरं म्हणजे गरज नाही. तरी मी किती तरी वेळा उलटं पाहिलंय. बाई काट्यांत उभी असते आणि पोरांची रांग ‘थँक यू काकू’ म्हणत पुढे निघून जाते.

याच कसोटीतून चढणाऱ्याचा मान निघतो. उतरणाऱ्यानं थांबावं आणि चढणाऱ्याला जाऊ द्यावं, हा संकेत जगभर आहे. चढणाऱ्याची नजर स्वतःच्या पायांवर असते, दम एका लयीत बसलेला असतो. आणि तो सायकलवर असेल, तर चढावर एकदा पाय टेकल्यावर पुन्हा पेडल मारून सुरुवात करणं भल्याभल्यांना जमत नाही. मात्र नियम म्हणून तो आंधळेपणानं लावू नये. हरिहरच्या खोदीव पायऱ्यांवर किंवा कळसूबाईच्या शिड्यांवर जो आधीच अडकलेला आहे, त्याला आधी सुटू द्यायचं, मग तो चढणारा असो की उतरणारा. आणि साठ जणांची बॅच चढत असेल, समोरून एकच म्हातारा उतरत असेल, तर साठांनी थांबावं. तो किती वेळ उभा राहणार?

आता माथेरान. मुंबईकरांच्या हाताशी असलेली याहून मिश्र वाट मला माहीत नाही. मोटारगाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे लाल मातीवर पायी चालणारे, घोडे, सामान वाहणारे हमाल, शेजारी दोन फुटी रुळांवरची छोटी गाडी, त्या रुळांतून चालणारे हौशी लोक आणि आता ई-रिक्षा. माणसांनी ओढायच्या हातरिक्षा बंद करून त्यांच्या जागी ई-रिक्षा आणाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. त्याच वेळी पेव्हर ब्लॉकचाही निकाल लागला. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला ब्लॉक चालतील, आतल्या रस्त्यांना आणि ट्रेकच्या वाटांना नाही. मला हा निकाल शहाणपणाचा वाटतो. चाकाला गुळगुळीत जमीन हवी, खुराला पकड हवी. एकाच पृष्ठभागावर दोघांना खूश करायला गेलं की ब्लॉकवरून घोडे घसरतात ही घोडेवाल्यांची तक्रार येणारच.

घोड्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण शहरी माणसाला नेमकं तेच ठाऊक नसतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त थेट पाठीमागचं आणि कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. तो मुळात शिकार होणारा प्राणी आहे. मागून आवाज न करता, वेगानं काही आलं की त्याच्या लेखी ते वाघच. सायकल नेमकी तशीच येते. म्हणून घोड्यांच्या मागून येताना सायकलवाल्यानं लांबूनच बोलावं. ‘दादा, मागून येतोय’ एवढंही पुरतं. घंटीपेक्षा माणसाचा आवाज घोड्याला ओळखीचा वाटतो. मग उतरून, हळू, घोडेवाल्यानं हात केल्यावरच पुढे जावं. पायी चालणाऱ्यानं पावसात आणखी एक पाळावं. घोडा शेजारून जात असताना छत्री फटकन उघडू नये आणि वाऱ्यावर फडफडणारा प्लॅस्टिकचा रेनकोट हातानं आवरून धरावा. पाश्चात्त्य देशांत सांगतात, की घोडा येताना वाटेच्या उताराच्या बाजूला उभं राहा, म्हणजे बुजलेला घोडा चढाकडे वळेल. आपल्याकडे उताराची बाजू म्हणजे पुष्कळदा सरळ दरीच. तेव्हा ते पुस्तकी ज्ञान बाजूला ठेवावं आणि घोडेवाला दाखवील तिथे उभं राहावं.

सायकलचा प्रश्न वेगाचा आहे. ताशी वीस किलोमीटर म्हणजे काही फार नाही, शहरात या वेगाला आपण रेंगाळणं म्हणतो. पण त्या वेगात सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. कारवीनं झाकलेल्या वळणावर पुढचं दहा मीटर दिसत असेल, तर हाताशी दोन सेकंदही नाहीत. म्हणून उताराच्या आंधळ्या वळणावर वेग तुमच्या ब्रेकवरून नव्हे, तुमच्या नजरेच्या पल्ल्यावरून ठरवावा. आणि हँडलला एक घंटी बांधावी. लमाणांच्या तांड्यात पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा असायची. घाटातल्या अरुंद वाटेवर ती ऐकूनच समोरच्याला कळायचं, की आता थांबायला हवं. कार्बन फ्रेमच्या सायकलीला घंटी शोभत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापुढे मी हात टेकले आहेत.

इंग्लंडमध्ये हा मामला कायद्यानं मिटवलाय. १९६८ च्या कायद्यानं घोड्यांच्या वाटांवर सायकलींना परवानगी दिली, पण अट घातली, की सायकलवाल्यानं पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट द्यायची. अमेरिकेत ताहो सरोवराच्या भोवतीनं ताहो रिम ट्रेल नावाची लांबलचक वाट जाते. नेवाडातल्या तिच्या एका टप्प्यावर सायकलींना फक्त सम तारखांना प्रवेश आहे. विषम तारखेला चालणाऱ्यांना मागे वळून पाहावं लागत नाही. आपल्या गल्लीतलं सम-विषम तारखांचं पार्किंग जसं, तसंच हे. आपण गाडीसाठी जे निमूटपणे पाळतो, ते एखाद्या टेकडीसाठी करून बघायला काय हरकत आहे? यऊर किंवा खारघरच्या टेकड्यांवर, रविवारी सकाळी अमुक वाजेपर्यंत फक्त चालणारे आणि नंतर सायकली, असं वनखात्यानं आणि तिथल्या पाड्यांनी मिळून ठरवलं, तर निम्मी कुरबुर तिथेच संपेल.

वेळ वाटून घेण्याची ही पद्धत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात एका रहिवाशानं कधीच अंगवळणी पाडून घेतलीय. तिथे आणि लगतच्या जंगलात २०१८ साली कॅमेरे लावून गणना झाली, तेव्हा ४७ बिबटे नोंदले गेले. आपण ज्या वाटांनी चालतो, त्याच त्यांना सोयीच्या पडतात, फक्त ते अंधार पडल्यावर निघतात. कपाळाला टॉर्च बांधून रात्रीच्या ट्रेकला जंगलात शिरणारे नेमके त्यांच्या वेळेत घुसतात. शिवाय राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय आडवाटेला जाणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, पायी असा की चाकांवर.

राहिली माती. चालणाऱ्यांना वाटतं, वाट सायकलवाले उखडतात. १९९४ साली अमेरिकेत मोंटानातल्या डोंगरवाटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाटेवर कृत्रिम पाऊस पाडून कोण किती माती सुटी करतं ते तिथे मोजलं होतं. खुरांनी आणि पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटत होती, आणि घोडा त्यात पहिला. म्हणजे आपले बूटही निर्दोष नाहीत. पण मोंटानातला पाऊस तो काय! मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त कोसळतो, आणि त्यात ओल्या उतारावर कुणी मागचा ब्रेक करकचून दाबून सायकल घसरवली, की मातीत एक चर पडते. पुढची सर त्या चरीतून धावते. महिन्याभरात वाटेचा ओहोळ होतो. मग बूट भिजू नयेत म्हणून चालणारे कडेनं जातात आणि एका वाटेच्या तीन वाटा होतात, गवत तुडवत. चिखल लागला तर मधून जावं, बूट धुता येतात. आणि टाच दाबल्यावर मातीत घोट्यापर्यंत खड्डा पडत असेल, तर सायकल त्या दिवशी गाडीवरून उतरवूच नये.

मोटारसायकल आणि जीप यांच्याबद्दल मी तेवढा उदार नाही. सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळी पठारावरची माती काही ठिकाणी बोटभरसुद्धा जाडीची नसते. तिच्यावर पावसाळी फुलं येतात आणि खाली थेट कातळ असतो. तिथे एकदा चाक गरगरा फिरलं, की पुढची कित्येक वर्षं तो ओरखडा भरत नाही. ज्यांना चिखलच हवा, त्यांच्यासाठी खासगी जमिनीवर आखलेले ऑफ-रोड ट्रॅक आहेत. तिथे पैसे भरून हवा तेवढा चिखल उडवावा. पायवाटेवर त्यांच्याशी वाटून घेण्यासारखं मला काही दिसत नाही. घोडा, माणूस, सायकल यांचं जमू शकतं, कारण तिघांनाही थांबून दोन शब्द बोलता येतात.

बॅच नेणाऱ्यांना एक विनंती. पुढे आणि मागे एकेक जाणता माणूस ठेवता, तसा मधेही एक ठेवा. समोरून कुणी ओझं घेऊन येतंय हे पुढच्याला दिसतं, पण हाक मागच्यापर्यंत पोचत नाही आणि रांग चालतच राहते. मधल्यानं हात वर केला की सगळ्यांनी एकाच बाजूला उभं राहायचं, अर्धे इकडे अर्धे तिकडे नाही. नाही तर मोळीवालीला दोन भिंतींमधून जावं लागतं. हे निघण्यापूर्वी स्टेशनवर, चहा पिताना सांगितलेलं बरं. वर वाऱ्यात कुणी ऐकत नाही.

नमस्कार.