दोनशे रुपयांत दिलेलं घर

[दृश्य: दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरची रांग]

राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडांना बक्षीस द्यायचं, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये. स्थानिक अधिभार वेगळा. म्हणूनच "आत्ताच नावावर करून टाका, मागून कटकट नको" हा सल्ला घरोघरी मिळतो. पण नोंदणीकृत बक्षीसपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. सही आणि नोंदणी झाली की मालकी गेली.

तयार मसुद्यांत एक ठरलेलं वाक्य असतं: "नैसर्गिक प्रेमापोटी व आपुलकीपोटी देत आहे." अडचण इथेच आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे. ज्याला घर दिलं तो देणाऱ्याचा सांभाळ करत नसेल, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा. मात्र घर सांभाळाच्या अटीवर दिलं होतं, हे दाखवावं लागतं. अशी अट नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली एका आईविरुद्ध निकाल दिला. जानेवारी 2025 मध्ये दुसऱ्या एका आईला घर परत मिळालं, तेव्हा मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र कामी आलं. तेव्हा द्यायचंच असेल, तर हयातभर राहण्याचा हक्क, जेवणखाण आणि औषधपाणी हे सगळं बक्षीसपत्रातच लिहून घ्या. तोंडी शब्दावर राहू नका.

आमचं मत विचाराल, तर बहुतेकांना मृत्युपत्र पुरतं. हयातीत मालकी आपलीच राहते आणि हवं तेव्हा ते बदलता येतं.

[दृश्य: साधा कागद, पेन, दोन साक्षीदार]

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणीही ऐच्छिक आहे, पण करून ठेवलेली बरी. साक्षीदार किमान दोन, आणि दोघांनीही तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं. पुढे वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला तरी न्यायालयात उभं राहावं लागतं. म्हणून आपल्या वयाचे मित्र नकोत. वयाने लहान, पत्ता ठाऊक असलेली माणसं घ्या. ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीला बसवू नका. त्याच दिवशीचा, मानसिक स्थिती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडा.

मजकुरात "माझं घर" एवढंच लिहू नका. सदनिका क्रमांक, सोसायटीचं नाव आणि भाग प्रमाणपत्राचा (शेअर सर्टिफिकेटचा) क्रमांक द्या. घर दोघांच्या नावावर असेल, तर मृत्युपत्र फक्त तुमच्या हिश्श्यापुरतं चालतं, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मागे पत्नी राहणार असेल, तर तिचा राहण्याचा हक्क आधी, मुलांची मालकी नंतर. आणि जे लिहायचं राहून गेलं, ते कुणाला, याचं एक वाक्य शेवटी हवंच.

सोसायटीत नामनिर्देशन (नॉमिनेशन) केलंय, मग मृत्युपत्र कशाला? नामनिर्देशित व्यक्ती तात्पुरती सदस्य होते, मालक नाही. मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. दोन्हींत एकच नाव असेल, तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

कुलमुखत्यारपत्राबद्दलही, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायच्या लेखी अधिकाराबद्दलही, गैरसमज फार. ते मृत्यूने संपतं, तसंच देणाऱ्याचं मानसिक भान हरपलं तरी संपतं. म्हणजे स्मृतिभ्रंशात नेमकी गरज पडते, तेव्हाच ते निकामी. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. निदान रोजच्या खर्चाचं खातं तरी जोडीदारासोबत संयुक्त ठेवा, दोघांपैकी कुणाच्याही सहीने चालणारं.

मूळ मृत्युपत्र एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. मालक गेल्यावर लॉकर उघडायला बँक कागद मागते, आणि हवा असलेला कागद नेमका आतच असतो.