शेवटचे पाच किलोमीटर

श्रोतेहो, नमस्कार.

आभाळ भरून येतं, गार वारा सुटतो, अजून दारात एक थेंबही पडलेला नसतो आणि टीव्हीवरचं चित्र अडखळायला लागतं. आधी एका कोपऱ्यात चौकोन फुटतात, मग बोलणं तुटक होतं, बोलणाऱ्याचा चेहरा अर्ध्यावर गोठतो आणि शेवटी सिग्नल नसल्याची पाटी. पुष्कळजण अशा वेळी गच्चीवर जाऊन डिश हलवून बघतात. कृपा करून हलवू नका. पाऊस उघडल्यावर चित्र आपोआप परत आलं असतं, ते मग हलवलेल्या डिशमुळे येत नाही.

आपल्याकडे पाऊस नसताना चित्र का जातं? डिश सरळ डोक्यावर बघत नाही, तिरपी बघते. ती ४५ अंशांत तिरपी असेल तर तिची नजर चार-पाच किलोमीटर पलीकडच्या ढगाच्या पोटातून जाते. पाऊस तिथे कोसळत असतो.

आता हा प्रवास बघा. प्रक्षेपणाचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तिथून निघालेली रेडिओ लहर जवळजवळ सगळी वाट बिनअडथळा कापते. उष्ण कटिबंधात थेंबांचा पाऊस जमिनीपासून साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंतच असतो, त्याच्या वर बर्फ, आणि कोरडा बर्फ या लहरींना फारसा अडवत नाही. म्हणजे छत्तीस हजार किलोमीटर सुखरूप आलेली लहर घराच्या उंबऱ्याशी येऊन अडते.

अडवणारा थेंब केवढा? मोठ्यात मोठा पाच-सहा मिलिमीटरचा. लहर त्याच्या मानाने खूप लांब असली तर तिला त्याची दखलही घ्यावी लागत नाही. एफएम रेडिओची लहर सुमारे तीन मीटर लांब असते, म्हणून धो धो पावसातही एफएम ऐकू येतो. उपग्रहांच्या सी बँडमध्ये (बँड म्हणजे लहरींचा ठरावीक पट्टा) खाली येणारी लहर साडेसात सेंटिमीटरची, तीही बरीचशी सुटते. घरच्या डिशवर येते ती केयू बँडची लहर अडीच सेंटिमीटरची, आणि उपग्रह इंटरनेटला वापरतात त्या ‘केए’ बँडची खाली येताना दीड सेंटिमीटर, वर जाताना एक. लहर आणि थेंब जितके एकमेकांच्या मापाचे होत जातात, तितकी थेंबाची तिच्यावरची पकड वाढते. काही ऊर्जा थेंब पितो, त्याने तो किंचित तापतो, आणि काही भलतीकडेच उधळतो. मोठा थेंब पडताना गोल राहत नाही, तळाशी चपटा होतो. त्यामुळे आडव्या ध्रुवणाच्या, म्हणजे आडव्या दिशेत कंप पावणाऱ्या लहरीला उभ्यापेक्षा जास्त फटका बसतो.

आकडे सांगतो. ताशी १०० मिलिमीटर वेगाच्या पावसात केयू बँडची लहर दर किलोमीटरला साधारण पाच डेसिबल गमावते. डेसिबल हे ताकदीतली घट मोजायचं माप, दर दहा डेसिबलला ताकद दहापट घटते. असा पाऊस वाटेत चार किलोमीटर लागला की वीस डेसिबल गेले. वीस डेसिबल म्हणजे शंभरातला एक भाग उरला. आणि तेवढ्यावर भागत नाही. एरवी डिशसमोर थंडगार आकाश असतं, आता तिच्यासमोर त्याच्या मानाने उबदार पाऊस आला, आणि उबदार पाऊस स्वतःच रेडिओ गोंगाट करतो. बोलणाऱ्याचा आवाज बसलाय आणि खोलीत गलका वाढलाय, अशी गत होते.

मला मनापासून सांगायचंय ते पुढेच आहे. उष्ण कटिबंधाची अडचण वर्षाच्या एकूण पावसात नाही, मिनिटाच्या पावसात आहे. दिवसभर रिमझिम पडणारे १०० मिलिमीटर लहरीचं फारसं बिघडवत नाहीत. तेवढाच पाऊस तासाभरात कोसळला तर संपर्क तोडतो. अभियंते पावसाचा असा वेग धरून चालतात की जो वर्षातला फक्त ०.०१ टक्का वेळ, म्हणजे सुमारे ५३ मिनिटं, ओलांडला जातो. पश्चिम युरोपात बऱ्याच ठिकाणी तो ताशी ३० मिलिमीटरच्या आसपास येतो, विषुववृत्ताजवळ १०० च्याही वर. थंड प्रदेशाच्या पावसावर बेतलेली यंत्रणा इथे आणून बसवली तर ती तुटणारच. आणि ती ५३ मिनिटं काही कुणाच्या झोपेच्या वेळी गुपचूप येत नाहीत. ती येतात वादळात, पूर चढताना, म्हणजे नेमकी मदत मागायची असते तेव्हा. दवाखान्याचा किंवा आपत्ती केंद्राचा उपग्रह-दुवा आखताना तो वर्षातला ९९.९९ टक्के वेळ चालतो एवढ्यावर समाधान मानणं मला पटत नाही.

उपाय आहेत. इंडोनेशियाने १९७६ मध्ये आपला पहिला पालापा उपग्रह सोडला तो सी बँडचा. हजारो बेटांच्या त्या पावसाळी देशाला तो बँड मानवला. डिशचा व्यास दुप्पट केला तर सहा डेसिबल मिळतात, पण वीस डेसिबलच्या सरीपुढे सहा पुरत नाहीत. भूकेंद्रांना, म्हणजे उपग्रहाशी बोलणाऱ्या जमिनीवरच्या केंद्रांना, पावसात प्रक्षेपणाची ताकद वाढवता येते. मला सगळ्यात शहाणा वाटतो तो संकेतन, म्हणजे माहिती लहरीवर बसवण्याची पद्धत, बदलण्याचा मार्ग: सर आली की यंत्रणा वेग कमी करते, पण धागा सोडत नाही. आणि मुसळधार सरीचा गाभा काही किलोमीटरच रुंद असतो, म्हणून दहा-वीस किलोमीटर अंतरावर दोन भूकेंद्रं ठेवली तर दोन्ही एकदम क्वचितच बुडतात.

या सगळ्याला मिनिटामिनिटाच्या पावसाची नोंद लागते, आणि उष्ण प्रदेशांत पुष्कळ पर्जन्यमापकांची नोंद दिवसातून एकदाच होते. इथे पावसात सिग्नल घटण्याची अडचणच कामाला येते. २००६ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी मोबाइल टॉवरांमधल्या दुव्यांचा सिग्नल किती घटतो यावरून पाऊस मोजून दाखवला. उपग्रहाच्या दुव्यालाही तोच हिशेब लागू पडतो. जिथे मैलोन्‌मैल पर्जन्यमापक नाही, तिथेही एखाद्या छपरावर डिश असते, आणि सर आली की तिच्या रिसीव्हरवरचा आकडा मिनिटामिनिटाला खाली उतरत असतो.