बाळाच्या वाटीतले तेल

श्रोतेहो, नमस्कार.

बाळ सहा महिन्यांचे झाले की दुधाच्या जोडीला मऊ, पातळ घास सुरू होतात आणि त्या घासांत थोडे तेल किंवा तूप घालावे, असे डॉक्टर आवर्जून सांगतात. आईच्या दुधातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून येते. बाळाचे पोट एवढेसे आणि वाढ मात्र झपाट्याची, त्यामुळे दोनचार घासांत पुरेशी ऊर्जा द्यायची तर तेलातुपाइतका सोपा मार्ग दुसरा नाही. पण ज्या बाळाला दूध, शेंगदाणा, सोयाबीन किंवा तीळ यांपैकी कशाची तरी ॲलर्जी असल्याचे निदान झाले आहे, त्याच्या आईवडिलांचा हात नेमका या चमच्यापाशी अडखळतो. काही घरांत भीतीपोटी तेल पूर्णच बंद होते, तर काही घरांत ‘तेलाने काय होणार आहे?’ असे म्हणून हाताला येईल ते वापरले जाते. या दोन्ही घरांतल्या बाळांची मला सारखीच काळजी वाटते, आणि आजचे बोलणे त्यांच्यासाठीच आहे.

अन्नाची ॲलर्जी बहुतेक वेळा त्या अन्नातल्या प्रथिनांमुळे होते. शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. तेल म्हणजे स्निग्धांश. त्यात प्रथिन असायला नको. पण दाणा किंवा बी दाबून तेल काढताना प्रथिनांचे सूक्ष्म कण तेलाबरोबर येतातच. ते पुढे तेलात किती राहतात, हे त्या तेलावर नंतर कोणती प्रक्रिया झाली यावर ठरते. म्हणून बाटलीवर कोणत्या बियांचे चित्र आहे एवढेच पाहून भागत नाही. तेल कसे काढले आणि त्याचे पुढे काय केले, हेही पाहावे लागते.

पूर्ण रिफाइंड तेलाची वाट लांबची असते. कच्च्या तेलातला चिकट अंश आधी पाण्याने किंवा आम्लाने वेगळा करतात, मग अल्कलीने आम्लांश काढतात, विशिष्ट मातीत रंग शोषून घेतात आणि शेवटी निर्वात भांड्यात २०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून वाफेने वास घालवतात. एवढे झाल्यावर प्रथिनांचा जो अंश उरतो तो अत्यल्प असतो. १९९७ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ६० व्यक्तींना वैद्यकीय देखरेखीखाली दोन्ही प्रकारचे शेंगदाणा तेल देऊन पाहिले होते. रिफाइंड तेलाने एकालाही त्रास झाला नाही. कच्च्या तेलाने मात्र सहा जणांना झाला.

इथे एका शब्दाशी जरा थांबू या, कारण घोटाळा तिथेच होतो. ‘फिल्टर्ड’ म्हणजे ‘रिफाइंड’ नव्हे. घाण्याचे किंवा ‘कोल्ड प्रेस्ड’ तेल काही दिवस हलवू नका आणि मग बाटली उजेडासमोर धरून तिरकी करा. तळाशी करड्या रंगाची बारीक साय हळूच सरकताना दिसेल. हा बियांचाच चुरा आहे, आणि प्रथिन त्यात असते. तेल कापडातून किंवा कागदातून गाळले की ही साय जाते, तेल नितळ दिसू लागते आणि आपला विश्वास बसतो. परंतु डोळ्यांना न दिसणारे प्रथिन त्या नितळ तेलातही राहू शकते. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’ हे शब्द ॲलर्जीविषयी काहीच सांगत नाहीत. एरवी ज्या तेलाचा सुवास आपल्याला प्रिय असतो, ते कमी प्रक्रियेचे तेल या एका बाबतीत जास्त जोखमीचे ठरते, आणि चांगल्यातले चांगले द्यावे म्हणून मुद्दाम तेच आणणाऱ्या पालकांना हे सांगताना मला वाईट वाटते.

तिळाचे तेल यात सर्वांत फसवे आहे. ते बहुधा स्वादासाठीच वापरले जाते, त्यामुळे बरेचदा रिफाइंड नसते आणि त्यात तिळाचे प्रथिन असू शकते. तिळाची ॲलर्जी असलेल्या बाळाला ते देऊ नये. मोहरीच्या ॲलर्जीत मोहरीच्या तेलाबाबतही हीच सावधगिरी हवी. दुधाची ॲलर्जी असेल तर लोणी बंदच, आणि तूपही आपल्या मनाने सुरू करू नये. लोणी कढवताना दुधाचे घटक बेरीच्या रूपाने खाली बसतात हे खरे, पण गाळलेल्या तुपात दुधाच्या प्रथिनांचा थोडा अंश राहू शकतो आणि तीव्र ॲलर्जीच्या बाळाला तेवढाही पुरतो. खोबरेल तेलाविषयी मात्र अकारण भीती दिसते. नारळाची ॲलर्जी दुर्मीळ आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही जानेवारी २०२५ मध्ये बदाम, अक्रोड, काजू यांच्या ॲलर्जीकारक गटातून नारळाला वगळले.

मग घालायचे कोणते? ज्या वनस्पतीची बाळाला ॲलर्जी नाही आणि जिची ॲलर्जी सहसा कोणाला होत नाही, अशा वनस्पतीचे एकाच प्रकारचे रिफाइंड तेल हा माझ्या मते सर्वांत सरळ पर्याय आहे. सूर्यफूल, करडई, मका किंवा भाताच्या कोंड्याचे तेल यांतून डॉक्टरांना विचारून निवड करता येते. ‘वनस्पती तेल’ एवढेच लिहिलेली मिश्रणे टाळावीत, कारण त्यांत सोयाबीन किंवा शेंगदाणा असू शकतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बाळाला रिफाइंड शेंगदाणा तेल कदाचित चालेलही, पण इतर तेले उपलब्ध असताना पहिल्या वर्षात ती परीक्षा कशासाठी घ्यायची, हा मला पडणारा प्रश्न आहे.

लेबलावरचा मजकूर प्रत्येक खरेदीला नव्याने वाचावा, कारण घटक बदलतात. शिवाय नियम सगळीकडे सारखे नाहीत. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्याने अतिशुद्ध केलेल्या तेलाला ॲलर्जीच्या सूचनेतून सूट दिली आहे. युरोपीय संघात पूर्ण रिफाइंड सोयाबीन तेलाला ती सूट आहे, शेंगदाणा तेलाला नाही. म्हणजे एका ठिकाणी ज्या बाटलीवर सूचना नसते, तिच्यावर दुसऱ्या ठिकाणी ती छापावी लागते.

बाटली योग्य निवडली तरी कढई उरतेच. ज्या तेलात आधी अंडे, मासे किंवा शेंगदाणे तळले, त्यात त्यांची प्रथिने उतरलेली असतात; ते तेल गाळून घेतले आणि पुन्हा उकळवले, तरी बाळाच्या दृष्टीने ते शुद्ध होत नाही. बाळाच्या अन्नासाठी तेलाची वेगळी लहान बाटली आणि वेगळा चमचा ठेवावा. मोठ्यांच्या भाजीतला चमचा झटकून त्या बाटलीत घालण्याची सवय घरातल्या प्रत्येकाने सोडावी लागते, आणि बाळाला अधूनमधून सांभाळणाऱ्या माणसालाही हे सांगून ठेवावे लागते.

तेल फक्त पोटात जाते असेही नाही. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले की, शेंगदाणा तेल असलेली मलमे ज्या बाळांच्या पुरळ उठलेल्या त्वचेवर लावली गेली होती, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे प्रमाण जास्त होते. फुटलेल्या, लालसर, खाजऱ्या त्वचेतून प्रथिन आत शिरले की शरीर त्याला परके मानायला शिकू शकते. म्हणून इसब असलेल्या बाळाच्या अंगाला शेंगदाणा, तीळ किंवा बदाम यांचे कच्चे तेल लावू नये. ‘हातावर थेंबभर लावून पाहू, काही झाले नाही तर पोटात देऊ’ ही घरगुती चाचणी तर मुळीच करू नये. तिने काही सिद्ध होत नाही. खरी तपासणी त्वचेवर टोचून, रक्तातून किंवा रुग्णालयात डॉक्टरांसमोर मोजून खाऊ घालून होते.

नवे तेल सुरू करायचे ते बाळ बरे असताना, दिवसा, अगदी थोडेसे, आणि त्या दिवशी दुसरे काही नवे न देता. पित्त उठणे, ओठ किंवा पापण्या सुजणे, उलटी, खोकला ही लक्षणे बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत दिसतात. काही बाळांना एक ते चार तासांनी एकसारख्या उलट्या होतात. श्वासाला घरघर लागली, बाळ निस्तेज किंवा ढिले पडले, तर डॉक्टरांनी घरी ठेवायला ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिलेले असल्यास ते लगेच द्यावे आणि रुग्णालय गाठावे. ॲलर्जीच्या पातळ औषधावर विसंबून थांबू नये.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या तेलांच्या लेबलांचे फोटो काढून न्या, अंगाला लावायच्या बाटलीचाही. ‘आम्ही साधेच तेल वापरतो’ या उत्तरातून डॉक्टरांना काही कळत नाही. त्या फोटोंवरून मात्र कोणती बाटली ठेवायची आणि कोणती बाजूला करायची, हे ते तिथल्या तिथे सांगू शकतात.

नमस्कार.